पहिली घुटी कोणाच्या बोटानं

आत्याबाई, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. मी तावातावानं बोलायला लागले, की तुम्ही 'थांब वं, गाय हंबरून राह्यली' म्हणत गोठ्याकडे निघायचात. गाय बिचारी रवंथ करत बसलेली असायची. अर्ध्या तासानं परत यायचात तेव्हा माझा राग निवलेला असायचा आणि तुम्ही दुसराच विषय काढायचात. या वेळी गेलात त्याला सव्वा महिना झाला. राग अजून आहे तिथंच आहे, आणि मी दमले आहे. दमलेल्या माणसाला राग फार जड होतो.

सुतकात बायका येऊन बसत होत्या. गावातली निम्मी लेकरं तुमच्या हातावर जन्मलेली, तेव्हा प्रत्येकीकडे एकेक गोष्ट होती. कोणाच्या मधल्याबद्दल तुम्ही पहिल्या दिवशीच म्हणाला होतात की हा हट्टी निघेल, आणि तो तसाच निघाला. कोणाची मुलगी जन्मल्यावर रडायला उशीर लागला, तेव्हाच तुम्ही सांगितलं होतं की ही मनात ठेवणारी आहे. सगळ्या माना हलवत होत्या आणि मी चहा देत होते. एरवी मी तिथंच वाद घातला असता, की बायांनो, सासूबाईंनी सांगितलं म्हणून तुम्ही लेकराला तसं वागवलंत, आणि तसं वागवलंत म्हणून ते तसं झालं. या वेळी रिकाम्या कपबश्या उचलत राहिले. सुनेला दुःख झालंय असं त्या समजल्या. झालंच होतं, पण त्यांना वाटलं तसं साधं नव्हतं.

आपलं भांडण काय होतं ते परक्याला सांगायला गेले तर त्याला हसू येईल. एकाच घरात सासू सुईण आणि सून बालवाडीची बाई. लेकरू आधी तुमच्या हातात यायचं आणि तीन वर्षांनी, नाक पुसत, माझ्या हातात. तुमचं म्हणणं, लेकरू स्वभाव मुठीत घेऊनच येतं, आपण फक्त मूठ उघडायची वाट पाहायची. माझं म्हणणं, मुठीत काही नसतं. घरात जे दिसतं, जे कानावर आणि पाठीवर पडतं, त्यातून पोर घडतं. मी वर्ध्याला सहा महिने राहून बालवाडीचं शिक्षण घेऊन आले होते. सगळं वहीत लिहिलेलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुम्हाला ती वही वाचून दाखवली, की मूल ओल्या मातीसारखं असतं, आकार द्यावा तसं होतं. तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतात. वर न पाहता म्हणालात, "माती माती सारखी नसते, बाई. खाऱ्या चोपन वावरात कपाशी टोबून पाह्य, मंग मले वही वाचून दाखवजो."

मी वही जमिनीवर आपटली. मी शांत स्वभावाची आहे, असं त्या काळी माझं ठाम मत होतं.

कुसुमच्या वेळी मात्र मी जिंकले होते, हे तुम्हाला मान्य करावं लागलं. वेशीजवळच्या घरातली कुसुम. बालवाडीत येईल त्या पोराला चावायची. तुम्ही म्हणालात, पायाळू जन्मलेली पोट्टी, ती उलटीच वागणार. मी चार दिवस तिच्या घरी नेमकी जेवणाच्या वेळी जाऊन बसले. तीन थोरले भाऊ आधी जेवायचे आणि हिच्या वाट्याला वरणाच्या गंजाचं खरवडलेलं बूड यायचं. दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत सुकडी वाटताना पहिली मूठ कुसुमच्या हातावर द्यायला लागले. महिनाभरात चावणं थांबलं. त्या दिवशी मी घरी नाचतच आले. तुम्ही 'बरं झालं' म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलंत, की तिच्या पाठीवरचा तो लहाना भाऊ, त्याच्याही वाट्याला तोच गंज आणि तेच बूड, मग तो दिवसभर हसत काऊन असतो? आत्याबाई, तो अजून हसतोच. तुमच्या तेराव्याला पंगतीत वाढत होता, तेव्हाही हसत होता.

या सगळ्यावर तुमची ती घुटी. जन्मलेल्या लेकराच्या जिभेवर पहिलं मधाचं बोट ज्याचं, त्याचा स्वभाव लेकराला लागतो, ही आपल्याकडची समजूत. बोरच्या जंगलातून एक गोंड म्हातारा बाटलीत मध आणून द्यायचा, तो तुम्ही फडताळात वरच्या फळीवर ठेवायचात आणि सणासुदीलाही कोणाला चाखू द्यायचा नाहीत. सातवा महिना लागला की घराघरांत चर्चा सुरू व्हायची, घुटी कोणाच्या हातून द्यायची. शांत मामाला दुसऱ्या गावाहून बोलावून घ्यायचे. तापट काकाला त्या दिवशी मुद्दाम बाजाराला धाडायचे. मी म्हणायचे, म्हणजे रक्त नाही, वळण नाही, सगळा कारभार मधमाश्यांच्या हाती. तुम्हीही हसायचात. पण फळीवरची बाटली कधी रिकामी होऊ दिली नाहीत.

मामंजींच्या रागाला मात्र वेळकाळ नव्हता. तुमच्या यजमानांविषयी आता हे लिहिताना हात अडखळतो, पण तुम्हीच नंतर मोकळेपणानं बोलायचात, म्हणून लिहिते. कढी कोमट आहे म्हणून ताट अंगणात जायचं. तुम्ही ते उचलायचात, विसळायचात, पुन्हा वाढायचात. तोंडातून अक्षर नाही. मी या घरात येऊन महिनाही झाला नसेल, तेव्हा एकदा ते उडालेलं ताट मीच उचलून आणलं आणि त्यांच्यासमोर दणकन ठेवून म्हणाले, आता तुमच्या हातानं वाढून घ्या. तुमचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, दाराआड उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला. मामंजी उठून वावरात निघून गेले. तुम्ही मला चांगलं म्हणाला नाहीत की वाईट. संध्याकाळी मात्र मला पुढ्यात बसवून माझ्या केसांना तेल लावलंत. मी मागितलं नव्हतं. त्या तेलाचा अर्थ कळायला मला सतरा-अठरा वर्षं लागली.

दिनेश झाला तो चैत्रातला. दोन दिवस मी अडले होते आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुटले. तुम्ही नसतात तर आम्ही दोघंही राहिलो नसतो. ते ऋण मी विसरलेले नाही, कितीही रागावले असले तरी. त्यानंतर मला गुंगी आली. जाग आली तेव्हा दारातून ओटा दिसत होता. मामंजी पाटावर बसलेले, तुम्ही लेकरू घेऊन वाकलेल्या, आणि मामंजींचं जाड बोट त्याच्या तोंडाशी. अंगणात गाव जमलं होतं. आमच्या घराण्यात घुटी घरचा कर्ता पुरुष देतो, असं ते आधीपासून बजावून होते. मी डोळे मिटून घेतले. घुटीबिटी मी मानत नव्हते, तरी मनात म्हटलं, हे बोट नको. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दिनेश दीड वर्षाचा असताना मामंजी गेले. आजोबाचा राग पाहून शिकायला त्याला वेळच मिळाला नव्हता. तरी तो रडायला लागला की श्वास कोंडून निळा पडायचा. हातातलं खेळणं काढून घेतलं की डोकं भुईवर आपटायचा. तुम्ही धावत येऊन तोंडावर फुंकर घालायचात आणि मी म्हणायचे, लाड करू नका, हवं ते मिळत नाही हे त्याला कळू द्या. गावाचं मत ठरलेलं होतं. 'आजाची घुटी,' एवढंच म्हणायचे. तो चालत गेला तरी म्हणायचे आणि पळत गेला तरी म्हणायचे. तुम्ही त्यावर हो म्हणाला नाहीत की नाही म्हणाला नाहीत. तेव्हा मला वाटायचं, तुमचंही तेच मत आहे.

मग ती सकाळ. दिनेश चार वर्षांचा, माझ्याच बालवाडीत. एका मुलीनं त्याचा रचलेला मनोरा पाडला आणि त्यानं लाकडी ठोकळा फेकून मारला. तिची भुवई फुटली. नेमक्या आया न्यायला आल्या होत्या. कोणी मोठ्यानं बोललं नाही. एकच बाई दुसरीला हळू म्हणाली, 'मास्तरीनबाईचंच असं, मंग आपल्या पोरायले काय वयन लावन.' आत्याबाई, आज खरं लिहिते. दिनेशला आर्वीला बहिणीकडे धाडायचा विचार माझ्या मनात आला तो त्या वाक्यानं आला. पोराच्या भल्यासाठी, वातावरण बदलावं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. त्यात खरं होतं, नाही असं नाही. पण माझ्या बालवाडीचं नाक त्याच्यात अडकलं होतं.

आर्वीला माझी थोरली बहीण. मूलबाळ नाही. भावजी बाजार समितीत. त्यांच्या घरात भांड्याला भांडंसुद्धा लागत नसे. अशा घरात दोन वर्षं राहिला तर राग कोणाकडून शिकणार, हा माझा हिशोब. तुमच्या मुलाला विचारलं तर ते म्हणाले, 'तू म्हनशीन तसं.' ते नेहमीच तसं म्हणायचे.

ज्या दिवशी निघालो त्या दिवशी तुम्ही एका बाळंतिणीकडे गेला होतात. आम्ही हिंगणीच्या स्टँडवर पोचलो, आणि मागून तुम्ही आलात, अनवाणी, हाताला अजून हळद. दिनेशची वाकळ आणली होती. ती त्याच्या खांद्यावर टाकून मला म्हणालात, "जरा थांब वं. मले तुले एक सांगाचं हाय. त्या घुटीचं..."

मी तुम्हाला पुढं बोलू दिलं नाही. चार लोकांसमोर म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या त्या घुटीपायीच ही वेळ आली. आता एक शब्द बोलू नका."

तुम्ही गप्प झालात. तीस वर्षं गप्प राहायचा सराव असलेलं माणूस चटकन गप्प होतं. गाडी आली. सेलू, वर्धा आणि तिथून आर्वी, असा सगळा प्रवासभर दिनेश रडला नाही. मला वाटलं, बघा, आत्तापासूनच फरक पडायला लागला.

दोन वर्षांनी आणलेला मुलगा तुम्हाला आठवत असेल. स्वतःच्या कपड्यांच्या घड्या घालणारा. ताटात पडेल ते खाणारा. कोणी खेळणं घेतलं तर हात मागे नेणारा. गावातल्या आया मला विचारायला यायच्या, की बाई, तुम्ही केलं तरी काय. मी त्यांना वातावरण समजावून सांगायचे. बालवाडीत एखाद्या दिवशी त्याला मुद्दाम बसवायचे. मी 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं की सगळ्यांच्या आधी त्याचं बोट ओठांवर जायचं, आणि खाली घे म्हणेपर्यंत तिथंच राहायचं. मी जिंकले होते. कुसुमपेक्षा मोठी जीत होती ती. तुम्ही मात्र त्याच्याकडे पाहत राहायचात. एक दिवस विचारलंत, "हा रडत काऊन नाई?" मी म्हटलं, शिकला शांत राहायला. तुम्ही म्हणालात, "शिकला नाई, बाई. थकला."

त्यावर मी तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला. शांत स्वभावाची माणसं असा अबोला धरत नाहीत, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्याच्याशीही धरला असता.

दहा वर्षांचा असताना तो निंबावरून पडला. मोडलेला हात दुसऱ्या हातात धरून घरी आला आणि भिंतीला टेकून बसून राहिला. मी बालवाडी आटोपून चारला आले, तेव्हा हात कोपरापाशी सुजून भोपळा झाला होता. सांगायला का आला नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, तू पोरांना शिकवत होतीस. आवाजात तक्रार नव्हती. तुम्ही त्याला मांडीवर घेतलंत, एवढ्या मोठ्या मुलाला, आणि रड म्हणालात. त्याला येईना. मग तुम्हीच रडलात. मी वर्ध्याच्या गाडीची वेळ विचारायला म्हणून बाहेर गेले, कारण मला ते पाहवत नव्हतं.

त्यानंतर मी तुमच्या मुलाकडेही वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. बापाचं रक्त, बापाचा मार, आणि तरी हा माणूस गरीब गाय. तुमच्या शास्त्राप्रमाणे त्याची घुटी तुमच्या माहेरी तुम्हीच दिली होती म्हणून. माझ्या वहीत त्याचं काही उत्तरच नव्हतं. पण दिनेशचं ते भिंतीला टेकून बसणं पाहिलं आणि कळलं, की हे दोघं शांत नाहीत. एकाला बापानं गप्प केलं आणि दुसऱ्याला आईनं. रीत तेवढी वेगळी. बापानं ताट फेकलं आणि मी गाडीत बसवलं.

आता या पौषातलं. तुमचा दमा वाढला होता, म्हणून खाट ओट्यावर उन्हात ओढली होती. मी तुमची वेणी घालत होते. केस मूठभरही राहिले नव्हते. दिनेश वर्ध्याला, सिंदी मेघेला खोली घेऊन अकरावी शिकत होता. त्याचं पत्र आलं होतं, तीन ओळींचं, मी बरा आहे, तुम्ही बरे असाल. मी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, नेहमीसारखंच, की बघा, मामंजींचा राग शेवटी मोडला की नाही. कशासाठी म्हणाले कोण जाणे. जुन्या भांडणाची सवय.

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "त्याचा नोता तो राग. तुहा होता."

तुम्ही धापा टाकत, थांबत थांबत सांगितलंत. "त्या दिवशी तू निपचित पडून होती. हे भाईर बसून हाका मारून राह्यले होते, लेकरू आन म्हनून. म्या मध काढला, तुहं बोट धरलं, बुडवलं, आन त्याच्या जिभेले लावलं. पयली घुटी तुही. मंग भाईर नेला. त्याहिची दुसरी."

मी विचारलं, का?

"म्या या घरात राग गियत गेली. एक शबुद बोलली नाई. तू आली आन ताट आपटलं त्याहिच्या म्होरं. मले लय बरं वाटलं वं. म्हटलं, या घरात एक तरी लेकरू बोलनारं निघू दे."

मग मी ते विचारलं, जे मी विचारायला नको होतं. इतकी वर्षं सांगितलं का नाही? लोक आजाची घुटी म्हणत होते, तेव्हा का नाही सांगितलं? तुम्ही म्हणालात, मेलेल्या माणसाच्या नावावर गेलं तर जाऊ दे, जित्या बाईला कशाला बोल. आणि तू शिकलेली, घुटी न मानणारी, तुला सांगून उपयोग काय. मी म्हटलं, आणि आर्वीला निघाले तेव्हा? तुम्ही तेव्हा मान वळवलीत.

"सांगाले आलती ना, बाई. तुनं बोलू देल्लं नाई."

वेणी अर्धीच राहिली. मी उठून आत गेले. त्यानंतर सतरा दिवस मी तुमचं सगळं केलं. काढा दिला, अंग पुसलं, शेकलं. पण कामापुरतं बोलले. तुम्हाला वाटलं असेल, ही गाडी नेहमीप्रमाणे आपोआप रुळावर येईल. मलाही तसंच वाटत होतं. आठवडाभरात बोलेन, संक्रांत होऊ दे मग बोलेन. तुमच्यात गोठ्याकडे निघून जायचीही ताकद नव्हती, आणि मी तुमच्यासमोर तोंड शिवून बसले होते. अठराव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर तुम्ही नव्हतात.

सव्वा महिना मी याच्याशी झटते आहे. बालवाडीत बसते तेव्हा पोरांकडे पाहते आणि कोण काय मुठीत घेऊन आलं, कोणाला घरी काय मिळालं, याचा विचार करायलाही जीव राहत नाही. रक्त मानलं, तरी दिनेशमध्ये निम्मं माझं. वळण मानलं, तर चार वर्षं तो माझ्याच पदराला धरून होता, मी वह्या आपटताना आणि अबोले धरताना बघत होता. आणि तुमची घुटी मानली, तरी बोट माझंच. कुठल्याही वाटेनं गेलं तरी माझ्याच दारात येतं. घुटी न मानणारी बाई घुटीला भिऊनच लेकराला घराबाहेर घालवते, हे तुम्हाला दिसत होतं, आत्याबाई. तुम्ही सांगायला आलात, आणि मी नेमकं तेच केलं जे मामंजींनी केलं असतं.

पण तुमच्यावरही माझा राग आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडी सुटायच्या आधी तुम्ही माझा दंड धरायला हवा होता. चार लोकांत माझ्यावर ओरडायला हवं होतं. माझा राग तुम्हाला इतका आवडला, तर त्यातला थोडा घ्यायचा होता. असं लिहिते आणि मग ती अनवाणी आलेली बाई दिसते, हळदीच्या हाताची. मला नोकरी करू दिली म्हणून गावानं नावं ठेवली, तेव्हा हीच बाई तान्ह्या दिनेशला कडेवर घेऊन भर उन्हात बालवाडीच्या दारात दुधासाठी आणायची. मग कसला राग.

तेरावं झालं तेव्हा दिनेशला परीक्षा होती, तो लगेच गेला. काल रविवारी पुन्हा आला होता. चारच्या गाडीनं परत निघायचं होतं. तुमचा मुलगा आणि तो शेजारी-शेजारी जेवायला बसले. मी वाढत होते. वाढता वाढताच सांगितलं. सगळं सांगितलं, बोट, मध, ओटा, लोकांचं बोलणं, आणि ठोकळा लागल्यावर त्या बाईचं वाक्यही. आर्वीला तुला तुझ्यासाठी जेवढं पाठवलं तेवढंच माझ्या नावासाठी पाठवलं, हेही सांगितलं. मला वाटलं, तो नेहमीसारखा 'बरं' म्हणेल.

तो भात कालवत राहिला. मग हात थांबला.

"आजी थांब म्हनत होती," तो म्हणाला. "मले ऐकू येत होतं. मंग गाडीच्या खिडकीतून तिचं तोंड दिसत होतं. तू तिले बोलू काऊन नाई दिलं?"

मी काही म्हणणार, तेवढ्यात त्याचा आवाज वर चढला. इतका, की शेजारच्या अंगणातली बाई वाकून पाहायला लागली. तो म्हणाला, मावशीकडे मी रोज वाकळीत तोंड घालून पडून राहायचो. मी चांगला वागलो तर तू नेशील, असं मावशी म्हणायची. मी चांगला वागत होतो. तू दोन वर्षं आली नाहीस. तुमचा मुलगा दचकून उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला, लहानपणी उभा राहत असेल तसा. आणि माझं बोट, आत्याबाई, इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या ओठांवर गेलं होतं.

ते मी खाली घेतलं. हातातली पळी ठेवली, त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बोल. अजून बोल."

तो बोलला. तुमच्याबद्दल बोलला, निंबाबद्दल बोलला, माझ्या पत्रांबद्दल बोलला. रडला, नाक पुसलं, पुन्हा बोलला. भात गार झाला. कोणीतरी ओट्यावरून सांगून गेलं की गाडी आली, तरी तो उठला नाही. त्याची चारची गाडी गेली, आत्याबाई.